चौदा नोझल

टॉवरचं झाकण उघडलं की आधी
आंबूस वाफ तोंडावर येते,
मग अंधार, मग टॉर्चच्या उजेडात
पांढरे पडलेले नोझल. चौदा.
नऊ बुजलेले.
बोअरचं पाणी आमचं, दगडासारखं जड,
जिथं जाईल तिथं थर ठेवून येतं.
मी तारेनं एकेक कोरतो,
लेकराचा कान कोरावा तसा, जपून.
भोक वाकडं झालं तर फवारा फाटतो
आणि धूर कोरडाच निसटतो वर.

खालून मल्लेशम ओरडतो,
"काय करलालास बे इतका वेळ?"
आंघोळ घालतोय.
"कुणाला?"
धुराला.
तो हसतो. हसण्यासारखंच आहे.

अक्कलकोट रोडवरच्या या शेडमध्ये
टॉवेलांच्या रंगाच्या आधीचं काहीतरी बनतं,
पिवळट, झोंबणारं.
पंखा त्याचा वायू ओढून इथं आणतो.
तो खालून चढतो, पाणी वरून पडतं,
मधे प्लास्टिकच्या हजारो पोकळ कड्या,
तिथं दोघांना एकमेकांना चुकवता येत नाही.
पाण्यात कॉस्टिक, मीटरवर साडेआठ.
आम्ल येतं तणतणत
आणि मीठ होऊन तळाच्या टाकीत उतरतं.

घरी नळ पाचव्या दिवशी.
कधी पहाटे तीनला, कधी नाहीच.
आई झोपेतच विचारते, नीळ्ळु वच्चिनाया?
बायको मांडीवर सूप घेऊन
तेंदूची पानं कापत असते.
तिनं वळलेला धूर लोक ओढतात,
मी दुसऱ्यांचा धूर धुतो,
पगार दोन्हीचे एकाच डब्यात.
एकदाच म्हणाली,
"तासाला किती लागतं हो त्याला?"
आकडा सांगितला. तिची कात्री थांबली.
तेच तेच फिरतं पण, म्हणालो, पुन्हा पुन्हा.
"आमचंही तेच फिरतं.
भाजी धुतलेलं भांड्याला, भांड्याचं मोरीला."

जानेवारीत बिल आलं विजेचं.
मॅनेजर माझ्याकडे न बघता म्हणाले,
"रात्री पंप चालवलाच पाहिजे असं नाही, यमूल."
मी बटण दाबलं.
दाबलं, हे लिहून ठेवतो,
कारण लॉगबुकात ते नाही.

पंप थांबल्यावर शेडमागची कुत्री ऐकू आली.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
चिमणीवर काहीच नव्हतं,
ना ढग, ना शेपूट,
नुसत्या चांदण्या, लख्ख.
कुणीही म्हणालं असतं, किती स्वच्छ.
दोनच्या सुमाराला वॉचमन हसनसाब
खाट उचलून रस्त्यापलीकडे गेला.
काही बोलला नाही, खोकलाही दाबूनच.
चार रात्री तसंच.
पाचव्या सकाळी गेटचं पितळी कुलूप
कडेनं हिरवं पडलेलं.
त्यानं बोटानं पुसलं, बोट मला दाखवलं,
विजारीला पुसलं.

त्या रात्री मी पंप चालू केला.
पाणी कड्यांवर पडायला लागलं
तेव्हा आवाज आधी ओळखलाच नाही,
वाटलं, नळ आला.
मॅनेजरना सांगितलं, वरून तपासणी येणार म्हणतात.
कोण म्हणतं, ते विचारलं नाही त्यांनी.
मलाही माहीत नव्हतं.

थंडीत आमची चिमणी जाडजूड पांढरी होते,
नुसती वाफ,
पण विडी घरकुलापर्यंत दिसते.
सकाळी सातला फोन वाजला.
कुणी बाई, चिडलेल्या,
चार दिवस बरं होतं, आज पुन्हा
किती पांढरा धूर सोडलाय म्हणे तुम्ही.
समजावता आलं असतं.
हातात तार होती, नखांत चुना,
अजून पाच नोझल बाकी होते.
हो बाई, म्हणालो,
सोडलाय.