शेपूट

पहाटे साडेपाच. रंकाळ्याच्या काठाला अकरा सायकली,
पाण्यावर धुकं, धुक्यात आमचे लाल दिवे.
दिलशाद मुजावरनं सगळ्यांची चाकं अंगठ्यानं दाबून बघितली,
मग हेल्मेटात चिठ्ठ्या टाकल्या,
आणि माझ्या नावावर
सलग दुसऱ्या दिवशी शेपूट निघालं.

शेपटाकडं पंप असतो, पॅच, जास्तीची ट्यूब,
गोळ्यांची डबी,
आणि एकच नियम: कुणाच्याही पुढं जायचं नाही.

पुढचे नऊ फुलेवाडीतच दिसेनासे झाले.
माझ्या दिव्याच्या उजेडात उरले भूपाल चौगुले,
वय एकसष्ट, एसटीचे निवृत्त कंडक्टर,
हेल्मेटखाली बांधलेला खाकी रुमाल.
थांबायचं तर घंटी एकदा वाजवायचे,
निघायचं तर दोनदा.

बालिंग्याच्या पुलाखाली भोगावती वाफाळत होती.
टिंग.
"हितं एक म्हातारी चढायची, दह्याचं मडकं घिऊन.
तिकीट माझं घ्या म्हणायची, मडक्याचं मागू नगा,
ते मांडीवर बसतंय."
टिंग टिंग.

कुडित्र्याला मळीचा वास, उसाच्या ट्रॉल्या,
ट्रॅक्टरवर फुटक्या आवाजात गाणं.
पडलेलं एक कांडं त्यांनी उचललं,
गुडघ्यावर मोडलं, अर्धं मला.
आम्ही चोथा थुंकत होतो तेव्हा
पुढच्यांचा मोबाईलवर फोटो आला:
कळे, नऊ रिकाम्या बशा.

कळ्यात आमच्या वाटणीची भजी गार झाली होती.
चहा बशीत ओतत ते म्हणाले,
"एकतीस वर्षं ह्या रस्त्यानं गेलो,
पण रस्ता बघितलाच न्हाई बघा.
मान कायम खाली. सुट्टे, तिकिटं, हिशेब.
वळणं तेवढी पायाला ठावं."
खरंच होतं ते.
वळण दिसायच्या आधीच
त्यांचा खांदा त्या बाजूला कलायचा.

असळजच्या पुढं चढ.
दुपारचे दोन, डांबर चिकट,
ते उतरून चालू लागले, म्हणून मीही.
आता खरं सांगते, मला राग आला होता.
रजा काढून, कर्ज काढून घेतलेली सायकल
मी हातानं ढकलत होते, म्हशीसारखी,
आणि समोर त्या खाकी रुमालाचं टोक
डुलत, डुलत, डुलत.

मागून एसटी आली. हळू झाली.
खिडकीतून पोरसवदा कंडक्टर ओरडला,
"चौगुले मामा! बसा की! सायकल टाकू टपावर!"
त्यांनी माझ्याकडं पाहिलं.
मी बाटलीचं झाकण उघडलं, परत लावलं.
तोंडानं काही बोलले नाही,
पण मनात त्यांना कधीच बसवलं होतं,
खिडकीपाशी, मऊ जागा बघून.

त्यांनी तळहातानं गाडीच्या पत्र्यावर
दोन थापा मारल्या.
गाडी गेली.
धूर खाली बसेपर्यंत
ते गाडीच्या मागच्या काचेकडं बघत राहिले.

गगनबावडा आला तेव्हा साडेपाच वाजून गेले होते.
वर कठड्यावर नऊ जण, बूट काढलेले,
शिट्ट्या मारत, टाळ्या पिटत,
त्यांच्या पाठीमागं कोकण निळसर होत चाललेलं.
शेवटच्या दगडापाशी,
वीसेक पावलं उरली असताना,
टिंग.

"तुम्ही व्हा पुढं."
"अहो, शेपूट मी आहे. नियम आहे."
"कंडक्टर सगळ्यांच्या मागनं चढतोय.
त्योबी नियमच हाय."
भर रस्त्यात आम्ही भांडलो.
एक कुत्रं आमच्यामध्ये येऊन बसलं.
वरून दिलशाद विचारत होती,
"काय झालं? पंक्चर?"

घसा कोरडा, डोळ्यात घाम.
पंपाची पिशवी मी त्यांच्या हँडलला अडकवली
आणि पेडलवर पाय ठेवून थांबले.

टिंग टिंग.