समुद्रसपाटीपासून

खापेकर काकांच्या वहीत
रेवदंडा ते विजयदुर्ग असा एक रस्ता आहे.
वीज मंडळाच्या रद्दी बिलांच्या कोऱ्या पाठी शिवून केलेली वही,
चढ लाल पेनानं, उतार निळ्यानं,
तरीत सायकल चढवायची तिथे एक इवलीशी होडी,
आणि प्रत्येक किल्ल्यापुढे बारीक अक्षरात
'पाणी भरून घेणे. घाई नको.'

काका कोकणात कधी गेले नाहीत.
आधी रजा नव्हती, मग गुडघा,
मग मंदाकाकूंचं डायलिसिस, मंगळवार आणि शुक्रवार.
मधल्या रविवारात मावेल
तेवढाच किनारा त्यांना मिळाला.

म्हणून पहाटे पाचला झिरो माइलपाशी
आम्ही चौघं जमतो.
रेहाना, शेंडे मास्तर, मी,
आणि काका, कॅरिअरला पंप, खिशात सुलोचनची ट्यूब.
दगडावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलेली आहे,
हजार वीस फूट आणि वर काही.
काका त्यावर बोट फिरवतात.
"म्हणजे इथून सगळा उतारच आहे बाप्पा,"
म्हणतात, आणि पायडल मारतात.

कामठी म्हणजे रेवदंडा.
कन्हानचा पूल ही खाडी;
पुलावर उतरून सायकली हातात धरायच्या,
कारण तरीत कोणी चालवत नसतं.
मागून कोळशाचा ट्रक हॉर्न देतो
आणि काका त्याला हात करतात,
भोंगा वाजवणाऱ्या बोटीला करावा तसा.
मनसर म्हणजे मुरूड.
तिथे मँगनीजची काळी धूळ घामावर बसते,
टेकडीवर जुन्या विटा उघड्या पडलेल्या,
शेंडे मास्तर पहिल्या घोटभर पाण्यात
वाकाटकांपर्यंत पोचतात,
दुसऱ्या घोटाला रेहाना म्हणते, "सर, पंक्चर."

नगरधन हा जंजिरा.
याच्याभोवती पाणी नाही, धान आहे,
वारा आला की हिरवं एका बाजूला झुकतं
आणि तट थोडा सरकल्यासारखा वाटतो.
गुराखी पोट्टा विचारतो, "काहून आले इतक्या दुरून?"
"किल्ला घ्यायले," काका म्हणतात.
तो म्हणतो, "घ्या न. कोणीच नाही आत."

परतीला खिंडसी.
काका बूट काढून पाय सोडतात
आणि वहीत लिहितात: भरती, ओहोटी, काही नाही.
एकदा मी वैतागून म्हटलं,
काका, हा तलाव आहे.
ते म्हणाले, "माहीत आहे न मले.
तू पाय टाक."

या जानेवारीत ऑफिसनं मला अलिबागला पाठवलं.
सुट्टी जोडून भाड्यानं सायकल घेतली,
बिलांची झेरॉक्स हँडलला चिकटवली.
लाल खरंच चढ होता. निळा खरंच उतार.
कोर्लईच्या तटावर उभी राहिले,
तिन्ही बाजूंना पाणी, इतकं की बघायचं कुठे कळेना,
आणि मी, मूर्खासारखी,
त्या पाण्यात बांध शोधत होते,
गुडघाभर धानात वाकलेली माणसं शोधत होते.

संध्याकाळी फोन केला. शुक्रवार होता,
मागे मशीनची टुकटुक.
समुद्र कसा आहे, असं विचारतील म्हणून
मी काही वाक्यं तयार ठेवली होती.
काका म्हणाले,
"रेवदंड्याच्या पुलावर वारा समोरून होता का गं?"
समोरून, मी म्हटलं. फार. उतरावं लागलं.
"हातात धरून नेली?"
हो.

बराच वेळ नुसती टुकटुक.
मग हळू आवाजात, माझ्याशी नाही, पलीकडे कोणाला तरी:
"पाह्य मंदा, सांगत होतो न.
उतरावंच लागते तिथं."