दिवा लागल्यापासून ११८६ किलोमीटर

रत्नाकर च्यारींची व्हॅन मी घेतली तेव्हा
मीटरच्या काचेवर काळी टेप होती,
नखाएवढी, चारही कडा सुताराच्या हाताने कापलेल्या.
“ती पिवळी लाईट उगाच लागते,” ते म्हणाले,
आणि मी सांगितली ती किंमत घेतली.
चहा त्यांनीच केला. साखर दोनदा पडली होती.

व्हाळशीला सिप्रूने ती टेप सोलली.
खाली दिवा जळतच होता,
इतके महिने, कुणी बघत नसताना.

आधी नेहमीचं.
हवेचा फिल्टर दगडावर आपटला:
खाणीची तांबडी माती, पसाभर.
तेलाची पट्टी ओढून बोटांत चोळली,
तेल अजून कोऱ्या चहाच्या रंगाचं.
“इतकी सांभाळणारा माणूस दिव्याला टेप लावतो?”
मग स्टिअरिंगखाली चाचपून
सोळा भोकांच्या तोंडात त्याने वायर खुपसली.

पी शून्य तीन शून्य एक.
पहिल्या सिलिंडरची ठिणगी चुकते.
“चार खांदेकरी, एकाचा पाय चुकतो,” सिप्रू म्हणाला,
“बाकीचे तिघे ओढून नेतात.”

दोष सापडला तो क्षण गाडी जपून ठेवते.
त्याने बटण दाबलं:
वेग एक्केचाळीस. फेरे तीन हजार आठशे.
पाणी शंभर अंश. भार ब्याण्णव टक्के.
तारीख नाही.
मागच्या सीटवर कोण होतं, ते नाही.

“हा घाट. दुसरा गिअर, पाय तळाला.
अशा वेळी दिवा नुसता लागत नाही, मिचकावतो.
मिचकावला की गाडी बाजूला घ्यायची असते.
न जळलेलं पेट्रोल मागे चिनीमातीच्या पोळ्यात जातं,
तिथं पेटतं, पोळं वितळतं,
मग धूर मागून येणाऱ्याने खायचा.
ह्याने नाही घेतली बाजूला.”

खाली आणखी एक ओळ होती:
दिवा लागल्यापासून, ११८६ किलोमीटर.

सनशेडमागच्या पुठ्ठ्यावर च्यारींचा हिशेब, सुतारी पेन्सिलीचा, जाड:
तेल, फिल्टर, प्लग, दर पाच हजाराला, एकही खाडा नाही.
शेवटची नोंद ६१,२००.
आज मीटरवर ६२,५४३.
वजाबाकी मी मनातच केली. तेल बदलून जेमतेम दीडशे.

डॅशबोर्डच्या कप्प्यात चिठ्ठी सापडली,
बेळगावच्या हॉस्पिटलची, पार्किंगची.
शाई उडालेली, वेळ तेवढी दिसते:
पहाटे तीन पन्नास.
सिप्रूने ती वाचली, आणि बराच वेळ
स्वच्छच असलेला पाना पुसत राहिला.

कॉइल बदलली, प्लग बदलले.
धुराच्या नळीवर दोन सेन्सर असतात;
पुढच्याची रेघ नाचली पाहिजे, मागच्याची सरळ.
मागचीही जराशी हलत होती.
“पोळं अर्धं तरी जगलंय. बघू.”

पडद्यावर प्रश्न आला, पुसायचं का.
“नुसतं पुसल्यार दिवो वता, दुयेंस वचना,” सिप्रू म्हणाला.
“आतां पूस.”
मी पुसलं. तो क्षणही गेला,
एक्केचाळीस, शंभर, ब्याण्णव.

आता गाडीला स्वतःबद्दल काहीच माहीत नाही.
सगळ्या चौकटीत एकच शब्द: अपूर्ण.
तिला सकाळी थंड उठवायची, दोन मिनिटं उभी ठेवायची,
सांखळीपर्यंत एका वेगात न्यायची,
उतारावर ब्रेक न लावता नुसता पाय काढायचा.
असं चार-पाच दिवस. मग ती स्वतःच ठरवते.

पाचव्या दिवशी केरीला थांबून पाहिलं.
पोळ्याची चौकट तेवढी अजून अपूर्ण.
पुढे चोर्ल्याचा घाट सुरू होतो. तिथूनच वळलो.

पुठ्ठ्यावर लिहायला पेन काढलं होतं,
मग सिप्रूकडून पेन्सिल मागितली.
६२,५४३. कॉइल, प्लग, फिल्टर.
वर एक ओळ रिकामी सोडली.

काचेवर टेपचा डिंक अजून आहे, चौकोनी.
रॉकेलने निघेल, सिप्रू म्हणतो.