मीटर क्रमांक

फोन खांद्यात, टॉर्च हातात,
जिन्याखालच्या कपाटात गुडघे टेकून मी वाचते:
तीन, नऊ, नऊ, पाच, आठ, पाच, सात.
पलीकडचा क्रेग म्हणतो, पुन्हा सांगा, सावकाश.
त्याला एकेक अंक हवा, सुटा.
माझ्या तोंडात मात्र येतं
एकोणचाळीस लाख पंच्याण्णव हजार आठशे सत्तावन्न,
एका दमात,
आणि स्वल्पविराम बसतो
इथल्या लोकांना पटणार नाही अशा जागी.

खातं कुणाच्या नावावर?
उल्हासच्या. होतं.

हे मीटर बसवणारा माणूस चहा पिऊन गेला
आणि उल्हास इथेच बसून राहिला,
केटरिंगच्या कारखान्यातून आणलेल्या
बुटांच्या रिकाम्या खोक्यांत.
सम नाही. अंकांची बेरीज सेहेचाळीस, म्हणजे तीन गेला.
साताने पाच उरतात.
मी ओरडले, जेवण निवतंय.
थांब! आतून आवाज.
दोन हजारांचा वर्ग चाळीस लाख,
त्यातून चार हजार काढ, एक टाक,
झाला एकोणीसशे नव्व्याण्णवचा वर्ग.
आपली बया त्याहून फक्त एकशे चव्वेचाळीसने कमी.
बारा बारे!
मग कपाटात टाळी वाजली.
एकोणीसशे सत्त्याऐंशी गुणिले दोन हजार अकरा.
दोन्ही मूळ.

ताटावर बसून त्याने तिची पत्रिका मांडली.
संयुक्त, पण दोघांचंच बिऱ्हाड.
न्यून:
स्वतःला वगळून सगळे भाजक मिळवले तरी
तीन हजार नऊशे नव्व्याण्णव.
चाळीस लाखांच्या वस्तीत राहते
आणि गाठीला चार हजारही नाहीत.
दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही,
वजाबाकी म्हणून येते.
शिवाय बिचारी दुःखी आहे, उल्हास म्हणाला.
अंकांचे वर्ग मिळवायचे, आलेल्याचे पुन्हा,
एकावर पोचली की आनंदी.
ही जाते ३३४, ३४, २५, २९, ८५, ८९,
आणि तिथून फिरफिरून परत ८९.
जन्मभर?
संख्येला जन्म नसतो गं. मीठ दे.

आता मी एकटीच शोधते.
एकोणीसशे सत्त्याऐंशी: तो मिरजेत आठवीत,
मी चिपळूणला, एकमेकांची नावंही ठाऊक नाहीत.
दोन हजार अकरा: जिन्याचा गालिचा बदलला.
बरोबर मधलं, एकोणीसशे नव्व्याण्णव,
तेही मूळ,
तेही रिकामं. लग्नाला दोन वर्षं अवकाश.
आकडा गॅस कंपनीचा आहे,
आमच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही,
हे कळतं, तरी टॉर्च विझवत नाही.

क्रेग सांगतो, मंगळवारी माणूस येईल,
स्मार्ट मीटर बसेल, जुना क्रमांक बाद.
बाद म्हणजे काय रे बाबा?
दोन हजार अकराने भाग दिला
तर उरतं एकोणीसशे सत्त्याऐंशी,
आणि त्याला मग कशानेच भाग जात नाही,
एकाने
आणि त्याचा त्यालाच.

हे मी त्याला इंग्रजीत सांगत नाही.
मंगळवार चालेल म्हणते. सकाळी.

नवा क्रमांक आला की
बुटाच्या खोक्यावर लिहून ठेवीन.
सम असला तर बरं,
निदान दोनाने सुरुवात मला करता येईल.