नववी पायरी

खाली राउटर टीव्हीच्या मागं, लोखंडी कपाटाला चिकटून.
तिथंच ठेवला, कारण तिथं पिन होती.
वर स्लॅब. स्लॅबवर पाण्याची टाकी,
नळाला पाणी चार दिवसांआड, म्हणून कायम काठोकाठ.
टाकीच्या पलीकडं पत्र्याची खोली
आणि खोलीत भार्गवी,
पुण्याच्या कुठल्याशा कंपनीची बिलं रात्रभर तपासणारी.

तिथं पोचेपर्यंत इंटरनेट दमलेलं असायचं,
एप्रिलच्या दुपारी अशोक चौकातून चालत आलेल्या माणसासारखं:
दारात उभं, आत यायचं त्राण नाही.
तिचा साहेब पडद्यावर तोंड उघडून थांबायचा.
हिनं विचारलेलं त्याला पोचायचं नाही,
त्यानं सांगितलेलं हिला उशिरा पोचायचं,
मधल्या वेळात नुसतं गोल गोल चक्र.

मग ती जिन्यात यायची.
नववी पायरी. आठवीवर दोन रेघा, दहावीवर एक,
नववीवर तीन. का, ते कुणाला माहीत.
घडी घातलेल्या नापास टॉवेलावर बसायची
(माझ्याच हातचा, एका कडेला दोन धागे गेलेला).
बारा वाजता मी कारखान्यातून यायचो,
गच्चीवर झोपायला जाताना
तिच्या बाजूनं अंग चोरून.
"जेवलास?"
"जेवलो."
"शेंगाचटणी संपली बघ."
"उद्या आणतो."
एवढंच. पण रोजचं.

उपाय सगळ्यांकडं होते.
राजमणी विड्या वळता वळता म्हणाली, कपाट हलवा की.
हलवलं. एक रेघ वाढली, माझी कंबर धरली.
मेव्हण्याचं ऐकून राउटरमागं जर्मनचं ताट उभं केलं,
पाहुण्यांनी विचारलं, कसली पूजा हो?
शेवटी बूस्टर आणला, अठराशेचा,
वर तिच्या उशाशी लावला.
हिरवा दिवा ऐटीत. चक्र तसंच.

केबलवाला मल्लिनाथ आला, बघून हसला.
"काका, जिथं काही पोचतच नाही
तिथं बसून हा पुढं काय देणार?"
आणि मी, तीस वर्षं जॉबर,
पोरांना शिकवणारा की गाठ कुठं मारायची:
सडक्या टोकाला नाही रे,
मागं जा, सूत धड आहे तिथपर्यंत जा.
माझंच वाक्य मला ऐकू आलं.

म्हणजे बूस्टरची जागाही नववी पायरीच.
पण मल्लिनाथ म्हणाला, वायरच ओढू सरळ.
बावीस मीटर लागली.
स्लॅबला एक जुनं भोक होतं,
खाली आमचे दोन माग चालायचे तेव्हाच्या तीन फेजचं.
माग भंगारात गेले,
भोक बुजवायचं मी टाळत आलो होतो.
आकड्यानं ती निळी वायर वर घेताना
फणीतून टोक काढावं तसा हात चालला,
किती दिवसांनी.
राजमणी खालून सोडत होती, तंबाखूनं पिवळ्या बोटांनी.
"सावकाश. ताण देऊ नका."

आता वर सगळ्या रेघा.
साहेबाचं तोंड उघडतं आणि मिटतंसुद्धा.
भार्गवी दार लावून घेते,
बाहेर फक्त कूलरची घरघर.
बूस्टर परत केला, अठराशेतले पंधराशे आले.

काल बारा वाजता आलो.
नवव्या पायरीशी सवयीनं अंग चोरलं,
भिंतीला खांदा घासला.
टॉवेल तिथंच होता.
तेवढ्यात खिशात फोन थरथरला,
वरच्या खोलीतून, घरातल्या तेलुगूत:
नाना, तिन्नावा?
लगेच आला. मध्ये चक्र नाही, काही नाही.
तिन्नानु, असं लिहिलं.
चटणी आणली आहे, असंही लिहिलं.
आणि पाठवायच्या आधी
जरा बसलो टॉवेलावर.