दोनशे बारावा

राज्याने करार आधीच करून ठेवलेला असतो,
आपण फक्त त्यात मागून शिरायचं.
नवी निविदा नको, जाहिरात नको,
तीन बंद पाकिटं एका टेबलावर फोडायला नकोत.
करार क्रमांक लिहायचा, यादी जोडायची,
खाली सही, निळ्या शाईत.
मेनच्या उत्तर टोकावरच्या आमच्या काऊंटीला
एवढंच परवडतं.

यादी माझी होती.
धूर हुंगणारे एकशे बेचाळीस,
उष्णता ओळखणारे एकोणीस,
खाली ओढायच्या लाल पेट्या बावीस,
भोंगे अठ्ठावीस.
एकूण दोनशे अकरा, दर नगास सव्वाचार डॉलर,
बॅटरी वेगळी, प्रवास वेगळा, रविवार दीडपट.

ओरेल मिशो जानेवारीत आला.
व्हॅनचं दार गोठून बसलं होतं, ते त्याने
शिव्या आणि गरम कॉफी ओतून उघडलं.
वृद्धाश्रमात आधी सांगावं लागतं,
म्हणून मी खोलीखोलीत फिरले,
फ्रेंचमध्ये, मग इंग्रजीत, मग पुन्हा फ्रेंचमध्ये:
आज वाजेल ते खोटं आहे.
तरी फ्लोरिन सिर कोट चढवून बसली,
मांडीवर पर्स.
म्हणाली, खोटं असेल तर थांबते,
खरं असेल तर निघते,
कोट दोन्हीला लागतोच.

ओरेल काठीच्या टोकाचा पेला
छताशी नेऊन धरतो,
डब्यातला धूर सोडतो.
दहा सेकंद. पंधरा.
मग तो लाल ठिपका उघडतो
आणि ओरेल नुसतं "हं" म्हणतो,
गर्दीत कुणी ओळखीचं निघावं तसं.
मी खूण करते.
दोन दिवस आम्ही याशिवाय काही बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी धुलाईघराच्या मागे
ती खोली, जिथे पूर्वी प्रार्थना व्हायची.
आता मोडक्या व्हीलचेअर, प्लास्टिकची ख्रिसमसची झाडं,
एका खोक्यात कुणाचेतरी कवळ्यांचे डबे.
आणि छतावर
एक.

जुन्या दातासारखा पिवळा.
मी यादी उलटी वाचली, सुलटी वाचली.
दोनशे अकराच.

यादीबाहेरचं काम करू नये, हे मला पाठ आहे.
करायचंच तर दुरुस्तीपत्र,
दुरुस्तीपत्राला राजधानीची सही,
राजधानी तीनशे मैल, सही सहा आठवडे.
आग एका गावी, बंब दुसऱ्या,
आणि शिक्का तिसऱ्याच.
हे मी त्याला सांगणार होते.
काठी वर गेलेली होती.

दहा. पंधरा. तीस.
डबा पुन्हा फुसफुसला.
धूर छताला लागून पसरला, आणि
आम्ही दोघं खाली, मान वर करून,
दवाखान्यात पडद्याबाहेर उभे असावे तसे.

"गेलाय," ओरेल म्हणाला. "कधीचाच."

भिंतीपलीकडे ड्रायर फिरत होते,
चादरींनी गच्च.
धागेरी धूळ किती साठते, हे त्याला माहीत,
वर कुणाची खोली आहे, हे मला.

"व्हॅनमध्ये एक आहे," तो म्हणाला,
"कुणाच्या हिशोबातला नाही."
मी म्हटलं, माझ्याही नाही.
शिडी मी धरली.
नव्याने नवव्या सेकंदाला डोळा उघडला
आणि सगळी इमारत किंचाळली.

बिल आलं, दोनशे अकराचं.
अहवाल गेला, दोनशे बाराचा.
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं:
यादीत नव्हता. होता.
लेखापरीक्षक मार्चमध्ये येतील, फरक विचारतील,
मी त्यांना त्या खोलीत नेईन
आणि ड्रायर चालू करून ठेवीन.

त्या संध्याकाळी फ्लोरिनने विचारलं, संपलं का खोटं?
संपलं, म्हटलं.
तिने कोटाची वरची दोन बटणं काढली.
बाकीची राहू दिली.