बदल हवेत का

जिल्ह्याहून कागद आलाय.
मौखिक आरोग्य, मार्गदर्शक सूचना, जुनी आवृत्ती.
बदल हवेत का? होय / नाही.
होय असल्यास जागा दिली आहे, चार ओळी.
मुदत शुक्रवार.

मी खुर्चीचं पेडल दाबून पाहते.
ती अजून वर जात नाही.
पेशंटलाच सांगते, जरा खाली सरका.

क्रमांक एक : दिवसातून दोनदा दात घासावेत.
हे बरोबर आहे. हे मी खोडणार नाही.
क्रमांक चार : प्रत्येक खाण्यानंतर
स्वच्छ पाण्याने चूळ भरावी.
भिंतीवरच्या पोस्टरचे कोपरे खाऱ्या हवेने गेलेत;
त्यातल्या मुलाचे दात
सोळा वर्षांत देवगडात मी कुणाच्या तोंडात पाहिले नाहीत.

सूर्यकांत मोंडकर, खलाशी, चौतीस.
खालची दाढ, डोळ्यापर्यंत सूज.
चूळ भरता का जेवल्यावर?
तो हसतो, एका बाजूने.
"म्याडम, होडयेर दोन पिंपा पाणी.
आठ दिस, सात माणसा.
त्यातच भात, त्यातच चाय.
चूळ भरूक समुद्र आसा की!"

मी लिहिते : समुद्र.
मग खोडते.

ज्यांनी हे छापलं तेव्हा
वाडीच्या दुकानात पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा नव्हत्या.
आता अंगणवाडीतून सुटलेलं पोर
आधी तिथे थांबतं, मग घरी जातं.
हे पहिल्या ओळीत बसवलं.

दुपारी रुक्मिण तारी. बांगड्याचा वास आधी, मग ती.
मशेरीची डबी कमरेला.
सोडा हो आता, मी म्हणते, नेहमीसारखं.
"पाटयेच तीनाक लिलावाक उबा रवाचा लागता.
तोंडात कायतरी व्हया.
तुमच्या कागदात लिवलला आसा काय,
तीन वाजता काय खावचा ता?"

क्रमांक सहा : तंबाखूजन्य पदार्थ टाळावेत.
टाळावेत.
किती स्वच्छ क्रियापद,
त्याला हिरडीच नाही.

आरसा आत घालते. डावा गाल बाजूला सारते.
बोटाच्या पेराएवढा पांढरा चट्टा.
पुसून पाहते. जात नाही.
"दुखत नाय," ती म्हणते, तोंडात माझं बोट असताना.
तेच तर.

सूचना एकूण अकरा. अकराही लोकांनी काय करावं याच्या.
वर्षातून एकदा कुणीतरी
गाल बाजूला सारून आत बघावं,
हे कुठेच नाही.

होय वर खूण करते. उरलेल्या तीन ओळी
याच्यावर खर्च करते, अक्षर बारीक करून,
समासातही थोडं.

मग तिची चिठ्ठी. ओरोस, जिल्हा रुग्णालय, शुक्रवार.
"शुक्रवारी? मासे कोण इकतलो?"

लिलाव नवाला संपतो, मी म्हणते.
अकराची एसटी, नांदगाव तिठ्यावर बदला,
चारच्या आत डॉक्टर भेटतात.
ती बोटांवर मोजते,
सुनेचं नाव घेते, गाळते, दुसरं घेते.
चिठ्ठी घडी करून डबीखाली सरकवते.

"बगतंय," ती म्हणते.